बाबांची किल्ली

१४ नोव्हेंबर, बुधवार

प्रिय ताई,

प्रभूच्या नावात तुला आणि भाऊजींना सलाम. आम्ही बरे आहोत. धाकटीचे दात पडायला लागलेत आणि प्रत्येक दाताची घरभर मिरवणूक निघते. तुझे गुडघे काय म्हणतात?

तुझ्या थोरल्याने पियानोचे सूर लावायचं काम धरलं हे वाचून ऊर भरून आला. बाबा असते तर म्हणाले असते, "आधी कान धुऊन ये."

त्याच्यासाठी तू दोनदा बाबांची पियानोच्या तारा पिळायची, सुरांची किल्ली मागितलीस. एकदा मी टपालावर भरवसा नाही असं लिहिलं, दुसऱ्यांदा विषयच टाळला. खरं सांगतो, किल्ली माझ्याकडे नाही. हरवलेलीही नाही. गावाच्या पलीकडच्या टोकाला एक संगीत शिक्षिका राहतात, त्यांच्या पियानोवर ती पडली आहे.

"मग जाऊन आण की, पाय मोडलेत का?" असं तू म्हणशील. पाय धडधाकट आहेत, तीच तर पंचाईत आहे.

त्यांच्या शिकवणीच्या पियानोचे सूर मीच लावायचो. काम झालं की बाई सूर तपासायला काहीतरी वाजवायच्या आणि मी चहाचा कप धरून ऐकत बसायचो. बाकी काही झालं नाही, देवाला स्मरून सांगतो. बाई सज्जन आहेत, त्यांना यातलं काही ठाऊकही नाही. जे होतं ते माझ्याच मनात. त्यांचं घर मी दिवसाचं शेवटचं काम म्हणून ठेवायला लागलो, म्हणजे पुढे कुणी खोळंबायला नको. जाताना इस्त्रीचा शर्ट. मग वस्तू विसरायला लागलो. आधी फडकं, मग चष्मा, मग किल्ली. बाबांच्या हाताखाली शिकलेला मी, एरवी कुणाच्या घरी साधा स्क्रू मागे ठेवत नाही!

किल्लीशिवाय घरी आलो त्या दिवशी ही कपड्यांच्या घड्या घालत होती. हसून म्हणाली, "फडकं झालं, चष्मा झाला, किल्ली झाली. पुढच्या खेपेला स्वतःलाच विसरून याल!"

ताई, ती गमतीने बोलली आणि मला माझंच कळलं. रोज झोपताना आम्ही देवाकडे मागतो की मोहाच्या वाटेला नेऊ नकोस, आणि संध्याकाळी मी पिशवी खांद्याला मारून आपल्या पायांनी तिकडे निघायचो. देवाने तरी काय करावं?

तुला आठवतं, रविवारच्या शाळेत, धन्याच्या बायकोच्या हातात अंगरखा सोडून पळालेल्या योसेफाची गोष्ट ऐकताना तू विचारलं होतंस, "पळताना अंगरखा तरी घ्यायचा ना?" सगळे हसले होते. उत्तर मला आता कळलं. अंगरख्यासाठी मागे वळला असता तर तो तिथेच राहिला असता.

गेल्या रविवारी उपासनेनंतर हिला सगळं सांगितलं. ही बराच वेळ एकच ताट पुसत राहिली. मग म्हणाली, "मी आणू का जाऊन?"

मी म्हटलं, "नको. तू आणलीस की मी आभार मानायच्या निमित्ताने जाईन. माझी हुशारी मला ठाऊक आहे."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ती हसली. दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर दुकानात येऊन तिने नवी किल्ली निवडली. हाताला अजून सरावाची नाही, बोटं दुखतात. दुखू देत.

थोरला पुढच्या महिन्यात कामासाठी इकडेच राहायला येणार आहे ना? बाबांची किल्ली त्यानेच आणावी आणि स्वतःकडे ठेवावी. त्या घरचं कामही यापुढे त्यानेच करावं, बाईंना मी तसं कळवलं आहे. तिकडून येताना आमच्याकडे जेवायला यावं, पण किल्ली पिशवीतून काढू नये. त्या घरचं काही सांगूही नये.

मी विचारेन. तरी सांगू नये.

तुझा,
दिवेलागणीला घरी असणारा,
धाकटा