चाव्या माझ्याकडे आहेत

लोन विलो, नेब्रास्का
सोमवार, १९ मे

प्रिय क्लेटन,

कसा आहेस? सुझनच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं ना? जिने चढायला लागली का ती? इकडे सगळे ठीक. वारा मात्र थांबायचं नाव घेत नाही. काल कोर्टासमोरचा झेंडा फाटला आणि नवा लावायला शिडीवर कोण चढलं, तर मी. डेप्युटी म्हणजे या काउंटीत पडेल ते काम करणारा माणूस. सकाळी कुणाच्या तरी दारात कोर्टाची नोटीस द्यायची, दुपारी हायवेवर आलेल्या गाई हाकलायच्या, संध्याकाळी नवराबायकोच्या भांडणात मधे उभं राहायचं. मदतीला दुसरी गाडी मागितली तर ती येईपर्यंत भांडणाऱ्यांचं जेवणसुद्धा उरकतं. तरी मला हे काम आवडतं. आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं वाचताना तुला वाटायला नको की बया कामाला वैतागून लिहितेय.

वैतागलेली नाही. चिडलेली आहे. तू डेलला फोन केलास.

मला नाही, माझ्या शेरीफला. माझ्या पाठीमागे. "रोंडाला जरा समजाव, तो अर्ज मागे घ्यायला लाव," असं तू म्हणालास ना? डेलने मला खोलीत बोलावलं, दार लावलं आणि स्वतःच्या हाताने कॉफी ओतून दिली. इतक्या वर्षांत त्याने मला कधी पाणी विचारलेलं नाही, तेव्हाच मी काय ते ओळखलं.

"रोंडा, नोव्हेंबरात माझी निवडणूक आहे," तो म्हणाला.

"दर चार वर्षांनी असते."

"ऑर्व्हिलला सगळी काउंटी मानते. मला पहिलं काम तुझ्या बापाने दिलं, गवताच्या गंज्या रचायचं. मर्ल कोस्टरची तक्रार नाही. त्याच्या सुनेची तक्रार नाही. मग तक्रार आहे तरी कुणाची?"

"माझी," मी म्हटलं. "आणि दुसऱ्या कुणा डेप्युटीने लिहिली असती तर तू ती केव्हाच कचऱ्यात टाकली असतीस. पोरीने बापाविरुद्ध लिहिलेली टाकताना तुझा हात अडतोय, म्हणून ही कॉफी."

कॉफी मी प्यायले नाही. बाबांची ड्रायव्हिंगची परीक्षा पुन्हा घ्या, हा अर्ज मागे घेतला नाही. घेणारही नाही. हे तुला लेखी कळवते आहे, म्हणजे पुन्हा डेलला त्रास द्यायला नको.

तुला कुणी काय सांगितलं ते मला ठाऊक आहे. "ऑर्व्हिलच्या गाडीखाली मर्लचं एक वासरू आलं, आणि पोरीने त्याचा केवढा तमाशा केला." डेन्व्हरला बसून ऐकायला बरं वाटतं. आता जे झालं ते ऐक.

मर्लचा कळप दरवर्षीसारखा उन्हाळी कुरणात चालला होता. तुला आठवत असेल, हायवे ओलांडावा लागतो. मी नेहमीप्रमाणे चढाच्या या बाजूला गाडी आडवी लावली, वरचे दिवे चालू केले आणि हातात लाल झेंडा घेऊन रस्त्याच्या मधोमध उभी राहिले. टपालवाली थांबली. एक ट्रकवाला थांबला. दोघं खाली उतरून गप्पा मारायला लागले. लख्ख ऊन होतं. मग बाबांची पांढरी पिकअप आली.

त्यांनी मला बोटं दाखवली. स्टिअरिंगवरून दोन बोटं उचलली, जशी आपण सगळे येणाऱ्या-जाणाऱ्याला उचलतो. आणि वेग कमी न करता माझ्या गाडीला वळसा घालून गवतातून पुढे गेले. मी उडी मारली म्हणून आज हे लिहिते आहे. गाडी सरळ कळपात घुसली. एक नाही, तीन वासरं. मर्लच्या सुनेचा, टेसचा घोडा उधळला आणि ती डांबरावर आपटली. गळ्याचं हाड मोडलं. तिच्या डोक्यापासून चाक किती लांब थांबलं ते मी तिथे उभी राहून बघितलंय. तेवढं तुला सांगत नाही.

आणि मर्ल काय म्हणाला माहीत आहे? टोपी मागे सरकवून म्हणाला, "जाऊ दे गं, वासरांचं काय एवढं. शेजारी आहोत." टेस स्ट्रेचरवरून सांगते, घोडा आपोआपच बुजला. टपालवालीने तर काही बघितलंच नव्हतं. इथे असंच चालतं. शेजाऱ्याची गोष्ट कागदावर जात नाही. याला आपण चांगुलपणा म्हणतो, आणि मीही या चांगुलपणावर वाढलेय. पण त्या दिवशी मला त्याचा संताप आला.

कारण ती दोन बोटंच सगळ्यांना फसवत होती. "ऑर्व्हिलचे डोळे काय वाईट आहेत? परवा भेटला की रस्त्यात, हात केला मला." जो तो हेच सांगतो. अरे, ते सगळ्यांनाच हात करतात. धुरळा दिसला की हात. टपालपेटीला हात. पांढरी पिकअप दिसली की शाळेची बससुद्धा बाजूला थांबते आणि ड्रायव्हर वर हसून बोटं उचलतो. अख्खी काउंटी एका आंधळ्या माणसाला रस्ता करून देत होती.

आम्ही गावाच्या तोंडाशी एक जुनी गस्तीची गाडी रिकामीच उभी करून ठेवतो, लोकांनी वेग कमी करावा म्हणून. आत टोपी घातलेला पुतळा आहे. फेब्रुवारीत बाबा त्या गाडीशेजारी थांबले, काच खाली केली आणि पुतळ्याला म्हणाले, "रोंडाला सांग, रविवारी जेवायला ये म्हणावं." पेट्रोलपंपावरच्या सगळ्यांनी पाहिलं. गाव आठवडाभर हसलं. मी दुसऱ्याच दिवशी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे चला म्हणाले, तर त्यांनी मला घराबाहेर काढलं. तेव्हा मी तुला फोन केला होता. तू म्हणालास, "त्यांना म्हातारं झाल्यासारखं वाटू देऊ नकोस." त्यांना ब्याऐंशीवं लागलंय, क्लेटन. म्हातारं वाटायला अजून किती थांबायचं?

तू म्हणतोस, पिकअप गेली तर ते रँचवर एकटे कुजून मरतील. हे मला डेन्व्हरहून कळायला हवं होतं का? त्यांच्या फाटकापासून गाव किती लांब आहे ते मला कळतं. त्यांच्याकडून पिकअप काढून घेणं म्हणजे पाय काढून घेणं, हे कळूनच मी केलंय. रोज ड्यूटीवर जायच्या आधी मी तिकडे जाते, त्यांना कॉफीला गावात नेते, दुपारी परत सोडते. ते माझ्याशी बोलत नाहीत. पहिल्या दिवशी मी पुढचं दार उघडून धरलं, तर हे मागे जाऊन बसले, जाळीच्या पलीकडे.

"पुढे बसा की."

"कैदी पुढे बसत नाही."

आणि रस्ताभर, जी गाडी समोरून येईल तिला जाळीमागून हात. कॅफेसमोर उतरले तेव्हा म्हाताऱ्यांचं सगळं टेबल खिडकीशी गोळा झालं होतं. त्यांच्यातला लाइल मला म्हणाला, "बेड्या विसरलीस का गं?"

"त्या तुझ्या मापाच्या आहेत, लाइल. गेल्या हिवाळ्यातच घालून बघितल्यास की."

टेबल हसलं. बाबाही हसले असते, पण माझ्यावर रुसलेत ना, म्हणून त्यांनी तोंड फिरवलं. आता रोज मागेच बसतात. बसू देत. मी काच पुसून ठेवते.

लोकांनी मला हात करणं सोडलंय. समोरून येतात आणि बोटं स्टिअरिंगला चिकटवून, नाकासमोर बघत निघून जातात. ज्यांच्या पोरांना मी बर्फातून ओढून काढलं तेसुद्धा. मी मात्र प्रत्येकाला हात करते. त्यांनी बघो न बघो, रोज, प्रत्येक गाडीला. कोण आधी दमतं ते बघू या.

आता एक गोष्ट. डेलला सांगितलेली नाही, अर्जातही लिहिलेली नाही. तुलाही सांगणार नव्हते.

पिकअप थांबल्यावर मी धावत खिडकीशी गेले. धुळीसाठी तोंडाला रुमाल बांधला होता, डोक्यावर टोपी होती, आणि ओरडून ओरडून घसा बसला होता. पण ऊन माझ्या तोंडावर होतं, आणि मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभी होते. बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि परवाना काढून दिला. मग खालच्या आवाजात म्हणाले, "ऑफिसर, चूक झाली माझी. काय दंड करायचा तो करा. पण एक मेहेरबानी करा, माझ्या मुलीला कळू देऊ नका. तुमच्याच ऑफिसात आहे ती. मुलाची भीती नाही, तो काही बोलत नाही. ती मात्र चाव्या काढून घेईल."

मी रुमाल खाली केला नाही. हात पुढे केला. त्यांनी चाव्या दिल्या, आणि वर म्हणाले, "थँक यू, सर."

मग मी माझ्या गाडीमागे जाऊन रडले. बास, तेवढंच. मग जाऊन टेसजवळ बसले.

गुरुवारी सरकारी परीक्षक गावात येतो आहे. बाबांना मी घेऊन जाणार, मागच्या सीटवर बसवून. तुला अर्ज मागे घ्यायला हवा असेल तर फोन नको, तूच ये. चाव्या तुझ्या हातात देते. बाबांना चालवायला बसव, शेजारी सुझनला बसव, आणि शाळा सुटायच्या वेळेला कोस्टरच्या चढापर्यंत जाऊन या. तेवढी हिंमत झाली तर मी अर्ज स्वतःच्या हाताने मागे घेईन.

नाही ना होत? मग डेलला पुन्हा फोन करू नकोस. बाबांना कर. त्यांना कुणाशी तरी बोलायला हवंय, आणि माझ्याशी ते बोलत नाहीत.

सुझनला गुडघा जपायला सांग.

तुझी बहीण,
जिला कळू द्यायचं नव्हतं ती,
रोंडा