शेप्याची कोय

रविवार, १ जून २००३. नाशिक रोड.

परसातल्या आंब्याला यंदा पहिल्यांदा फळ धरलं. तीनच आंबे पिकले, आणि तिन्ही आज संपले. आईने ही कोय माहेराहून, सायखेड्याहून आणून लावली होती. तिथल्या बांधावरच्या शेप्याची. त्या आंब्याला शेपूचा वास यायचा, म्हणून शेप्या. द्राक्षबागेवर सावली पडते म्हणून मामाने मागच्या वर्षी तो तोडला. आई रडली तेव्हा म्हणाला होता, "ताई, रडते कशाला? त्याचं पोर हाय ना तुझ्याकडं."

पण कोयीचं झाड मूळ झाडावर जातंच असं नाही. आधीच त्याची काडी आणून कलम बांधलं असतं, तर तोच शेप्या राहिला असता. कुणालाच कसं सुचलं नाही? आता काडी आणणार कुठून?

मामा आज मुद्दाम चाखायला आला. पहिला आंबा मी चोखला. आंबट, पाणचट, नुसते धागे. शेपूचा वास नाही. सालही हुंगून पाहिली. नाहीच.

मग आईने चोखला, सावकाश. मामा तिच्या तोंडाकडेच बघत होता.

"तोच हाय रं," ती म्हणाली.

मामाने आपला चोखला. मग म्हणाला, "तोच." कोय धुतली, रुमालात बांधली. बांधावर लावणार म्हणे, शेप्याच्याच जागी.

"मामा, बागेवर सावली पडेल," मी म्हणाले.

"पडू दे."