सासूबाईंचं गाव सापडलं

डब्लिन, ओहायो, अमेरिका
१२ मे

ती. बाबांना साष्टांग नमस्कार,

माझ्या सासूबाईंचं आयर्लंडमधलं मूळ गाव अखेर सापडलं! तिथल्या जुन्या जमीन-नोंदींत त्यांच्या पणजोबांच्या नावाचे अकरा जण होते. तुम्ही तलाठी असताना म्हणायचात, "नाव जुळलं तरी शेजारच्या शेतवाल्यांची नावं वाच." तशी वाचली, तर एकाच्या बांधाला लागूनच पणजीच्या माहेरच्यांचं शेत निघालं!

सासूबाई रडल्याच. आजारपणानंतर काल प्रथमच पोटभर जेवल्या.

मी मजेत आहे. ग्रीन कार्डाचं काम रेंगाळलंय, त्यामुळे यंदाही येणं अवघड दिसतंय. तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन कधी ठरलं? सोबत कोण येणार?

सासूबाई इथे सगळ्यांना सांगतायत, "गाव माझ्या सुनेच्या वडिलांनी शोधलं." मीही ते खोडून काढत नाही.

तुमचीच,
हिमानी