उजवा आधी, डावा मागून

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता पूलवर येणाऱ्या पोट्ट्यांना तुमचा चेहराही ठाऊक नाही. मलाही रोज तुमची आठवण येते असं म्हणणार नाही, उगाच खोटं कशाला बोलायचं. पण गेल्या महिन्यात परदेशात, त्या मोठ्या स्पर्धांमध्ये, जिथे सगळ्या खेळांचे आणि कितीतरी देशांचे खेळाडू एकाच गावात जमतात, तिथे जलतरणाची पंच म्हणून मी एका मुलीला बाद केलं. मुलगी आपली. आपली म्हणजे नुसती भारताची नाही, आपल्या नागपूरची, आपल्याच पूलची, जरीपटक्याहून आईच्या स्कूटीवर मागे बसून येणारी. तिचं पदक माझ्यामुळे गेलं. तेव्हापासून मी तुमच्याशी मनातल्या मनात भांडून राहिली आहे. शेवटी म्हटलं, एकदाचं लिहूनच टाकावं.

आपल्या पूलची पलीकडची भिंत तुम्ही विसरला नसाल. खोल बाजूची. पाण्याच्या रेषेवरच्या फरशा जागोजागी फुटलेल्या, आणि कडा अशा की हात टेकला की चिरलाच. पूलच्या ऑफिसात तुम्ही दर उन्हाळ्याला जाऊन दुरुस्तीचं सांगायचे आणि दर उन्हाळ्याला ते म्हणायचे, यंदा होऊन जाईल. मी तेव्हा बारीकशी पोर, ब्रेस्टस्ट्रोक शिकतेय. ब्रेस्टस्ट्रोकला वळताना दोन्ही हात भिंतीला एकाच वेळी लागले पाहिजेत, एक आधी आणि एक मागून लागला की बाद, एवढं मला पाठ झालेलं. आणि तुम्ही तर आम्हाला त्या भिंतीवर नेमकं उलटं करायला लावता. मी काठाला धरून विचारते, सर, नियम तर दोन्ही एकदम आहे ना? तुम्ही खाली वाकता. "तळवा दाखव आधी तुझा." मी दाखवते. त्यातून रक्त येतंय. तुम्ही खिशातली मलमाची डबी काढता आणि माझ्या ओल्या हातावर ते न चिकटणारं मलम थापत म्हणता, "नियम मॅचमध्ये. इथं उजवा आधी लाव, चाचपून पाह्य, मग डावा मागून आण. हात फाडून घेतला तर उद्या पोहशीन कशानं वं?" पटलं मला. सगळ्यांनाच पटलं. आपल्या पूलची सगळी पोरं त्या भिंतीवर तशीच वळायची आणि मॅचला गेली की आठवणीनं दोन्ही हात एकदम लावायची. बाहेरगावची मुलं हसायची, की हे नागपूरवाले सरावात भिंतीला घाबरतात.

आता दुसरा दिवस सांगते, तोही तुमचाच. मी पोहणं सोडलेलं, शाळेत पीटी शिकवायला लागलेली, आणि तुम्ही मला शाळांच्या स्पर्धेत पहिल्यांदा वळणाची पंच म्हणून उभं केलं. माझ्या लेनमधल्या पोरीनं एकाच हातानं भिंत शिवली. चूक दिसली की पंचानं हात वर करायचा असतो; मी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. एवढीशी ती, रडेल बिचारी, असं वाटलं. तुम्ही पलीकडून पाहत होते हे मला काय माहीत! शर्यत संपल्यावर सगळ्या आईबापांच्या देखत तुम्ही माझी अशी काढली की कान लाल झाले माझे. "काहून हात वर नाही केला? दया येऊन राहिली का तुले? दया येत असन तर तिकडं वर जाऊन बस, लोकांत. मागून आलेल्या पोरीनं काय घोडं मारलं तुह्यं?" दोन दिवस मी तुमच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तुम्ही सदरच्या बाजारातून पांढऱ्या पँटचं कापड घेऊन आले आणि माझ्या सायकलच्या कॅरिअरला लावून निघून गेले. जाता जाता म्हणाले, "शिवून घे. पंचाचे कपडे हायेत." माफीबिफी काही नाही. तुमच्यात ती पद्धतच नव्हती. पण त्या दिवसापासून माझा हात कधी अडखळला नाही सर. राज्याच्या स्पर्धा झाल्या, देशाच्या झाल्या, परीक्षा देत देत बाहेरच्या देशांपर्यंत गेले, आणि कुठेही गेले तरी लोक म्हणायचे, ही बाई कुणाची नाही.

तुम्ही गेल्यावर सकाळची बॅच माझ्याकडे आली. भिंतही आली. मधे केव्हातरी कुणीतरी फुटक्या फरशांवर सिमेंट थापून ठेवलं होतं, त्यानं चिरायचं नाही पण खरचटायचं. मी एकदा ऑफिसात जाऊन आले, तेच उत्तर ऐकलं आणि पुन्हा गेले नाही. मग ही जरीपटक्याची पोरगी आली. पाण्यात टाकली तर बाहेर निघायलाच तयार नाही अशी. एक दिवस तळवा सोलून घेऊन माझ्यापुढे उभी राहिली, आणि माझ्या तोंडून तुमचंच वाक्य निघालं, उजवा आधी, डावा मागून. सूरही तुमचाच. मला तर त्यात अभिमान वाटला, की बघा, सरांचं मी पुढे चालवतेय. हे आपण तिच्या अंगात काय भरतोय, याचा क्षणभरही विचार केला नाही. पुढे ती मोठ्या शिबिरात गेली, तिथे चांगले प्रशिक्षक मिळाले, वळण सुधारलं, देशासाठी निवड झाली. आपल्या पूलवर पेढे वाटले तेव्हा पहिला पेढा तिनं माझ्या तोंडात घातला.

परदेशात त्या दिवशी दोनशे मीटर ब्रेस्टस्ट्रोकच्या अंतिम शर्यतीत तिची लेन माझ्याकडे आली. आपल्याच देशाची खेळाडू असली तर बदलून मागता येतं. आमच्या प्रमुखानं मला विचारलंसुद्धा. मी म्हटलं, काही अडचण नाही. खरं कारण सांगू? मला तिला जवळून पाहायचं होतं. टीव्हीवर सगळं नागपूर पाहणार होतं, पण तिच्या डोक्यावर उभं राहून पाहणार ती मी एकटीच, अशी मिजास. ती छान पोहत होती. शेवटच्या वळणाला माझ्याकडे आली तेव्हा तिसरी होती, दमलेली होती, खांदे जड झालेले वरून कळत होते. आणि तिनं भिंत शिवली. उजवा लागला, आणि डावा मागून आला. अगदी जरासा मागून. सर, ते वळण मी झोपेतही ओळखलं असतं. ते आपलं वळण होतं. दमल्यावर अंगाला शिबिर आठवलं नाही, पलीकडची भिंत तेवढी आठवली.

माझा हात वर गेला होता. मी केला असं म्हणायलाही जागा नाही, तो गेलाच. फलकावर तिचं नाव तिसरं आलं, तिनं पाण्यातच दोन्ही मुठी वर केल्या, आणि मग ते नाव खाली गेलं. मला काय दिसलं ते लिहून द्यावं लागलं. त्यांनी व्हिडिओ काढून पाहिला, अगदी हळू करून, आणि म्हणाले, बरोबर आहे. सगळ्यांनी माझं कौतुक केलं, इतकं बारीक दिसलं म्हणून. आता मला हेच खातं. इतकं बारीक दुसऱ्या कुणाला दिसलं नसतं. माझ्या जागी कुणीही असतं तर तो हात खाली राहिला असता, व्हिडिओ कुणी काढला नसता आणि पोरगी पदक घेऊन घरी आली असती. चूक मी शिकवली म्हणून मला ओळखता आली. नियमानं पाहिलं तर मी चुकले नाही, चौथ्या आलेल्या मुलीचं पदक तिला मिळालं, तुम्ही असते तर पाठ थोपटली असती. आणि मी मात्र आरशात स्वतःकडे पाहत नाही, केस विंचरते आणि निघते.

ती आता सुट्टीत घरी आली आहे. मला वाटलं, रस्त्यात दिसली तर तोंड फिरवेल. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. पण ती रोज सकाळी पूलवर येते, पलीकडच्या भिंतीशी जाते आणि तिथेच थोड्या अंतरावरून पुन्हा पुन्हा भिंतीवर येऊन आपटते. दोन्ही हात एकदम. तळवे पार सोलून निघालेत. काल मी काठावर जाऊन म्हटलं, बस कर आता. ती पाण्यातून वर पाहून म्हणाली, "मॅडम, माह्या अंगातच खोट हाये. इतकं शिकवलं सगळ्यांनी, तरी ऐन वेळी माह्या हातानं घाण केली. मी दोनशे मीटर सोडून देऊ का?" मग तिनंच माझी समजूत घातली, मला सर, माझी! "तुम्ही मनाला नका लावून घेऊ. दुसऱ्या कोणी हात वर केला असता ना, तर मले वाटलं असतं आकसानं केला. तुम्ही केला म्हणून मले पटलं, की चूक माहीच हाये."

एवढंच सांगायचं होतं, की पोरी, खोट तुझ्यात नाही. तुझ्या अंगात ते आम्ही घातलं, आधी सरांनी माझ्यात आणि मग मी तुझ्यात, कारण दोघांनाही त्या ऑफिसात जाऊन भिंतीसाठी भांडत बसायचा कंटाळा आला होता. हे ऐकलं असतं तर ती आज सकाळी पुन्हा त्या भिंतीवर हात फोडून घ्यायला आली नसती. वाक्य ओठावर आलं होतं. मी म्हटलं, ये बाहेर, थंड पाणी पी.

रात्रभर स्वतःला समजावलं की तुमच्यासाठी गप्प राहिले. सक्करदऱ्याला तुमच्या घरी काकू एकट्या आहेत, तुमचा फोटो पूलच्या ऑफिसात आहे, मेलेल्या माणसाचं नाव कशाला मधे आणायचं. पण तसं नाही सर. तुमचं नाव न घेताही सांगता आलं असतं, नुसतं माझं घेऊन. मी गप्प राहिले कारण ती अजून मला मॅडम म्हणते, आपल्यावर अन्याय न करणारी एक बाई या गावात आहे असं समजते, आणि तेवढं माझ्याच्यानं सोडवत नाही. हे तुम्हाला लिहिणं सोपं होतं. ती आत्ताच आली आहे, कपडे बदलून पाण्याकडे निघाली आहे, आणि मी अजून ऑफिसात बसून हेच लिहीत आहे.