हरल्यावरचा मसालेभात

आई,

शेवटचा सामनाही आम्ही हरलो. तक्त्यात सगळ्यात खाली आमचं नाव आहे आणि पुढचा सीझन सुरू होईपर्यंत ते तिथेच राहणार आहे. आम्ही म्हणजे ऑकलंडचा रग्बी लीगचा क्लब, जिथे मी फिजिओ आहे. तू गेलीस तेव्हा मी पामर्स्टन नॉर्थला शिकत होतो, त्यामुळे ही नोकरी तुला माहीत असायचं कारण नाही. खेळ मात्र तुला माहीत होता. फोनवर एकदा मी तुला समजावून सांगायला लागलो होतो, की चेंडू घेऊन पळायचं, समोरच्यांनी धरून पाडायचं, अशा सहा पकडी झाल्या की चेंडू दुसऱ्यांकडे. तू मध्येच तोडलंस. "अरे, मग ही कबड्डीच की. उगाच चेंडू दिलाय हातात." हडपसरच्या मुलींच्या शाळेत जन्मभर पी.टी. शिकवलेल्या आणि कबड्डीचा संघ चालवलेल्या बाईला मी पुढे काय सांगणार? मी गुपचूप हवापाण्याकडे वळलो.

आज सोमवार. न्यू लिनच्या घरात मोठं पातेलं घासून पालथं घातलंय आणि ओट्याशीच बसून लिहितोय. हातांना अजून गोड्या मसाल्याचा वास आहे. तुझी नात मघाशी येऊन विचारून गेली, "बाबा, डिड दे ईट इट?" तिला मराठी सगळं कळतं, बोलायची वेळ आली की मात्र इंग्रजी. मी म्हटलं, "खाल्लं." तर म्हणाली, "ऑल ऑफ देम?" हा प्रश्न तिने बरोबर विचारला, कारण काल तांदूळ भिजवताना मी तिला सांगितलं होतं की एकजण बहुधा खाणार नाही. तेच तुला सांगायला बसलोय.

मार्चमध्ये पहिला सामना हरलो तेव्हा कुणी फारसं मनाला लावून घेतलं नाही. दुसरा समुद्रापलीकडे, ऑस्ट्रेलियात हरलो. तिसरा आमच्या घरच्या मैदानावर जिंकता जिंकता शेवटच्या मिनिटाला घालवला. त्यानंतरच्या सोमवारी पेनरोजला, आमच्या सरावाच्या जागी, व्हिडिओच्या खोलीत कोच एकेकाची चुकलेली पकड पुन्हा पुन्हा दाखवत होते, आणि ही पहाडासारखी माणसं, सामोअन, टोंगन, माओरी, माना खाली घालून बसली होती. संपल्यावर सगळे पार्किंगकडे निघाले. जो तो आपल्या गाडीत जाऊन एकटा बसला. मी पार्किंगमधून जाताना पाहिलं, एक प्रॉप, म्हणजे पुढच्या फळीतला धिप्पाड गडी, काच बंद करून बर्गर खात होता. आई, मला तुझा जिना आठवला.

आपल्याकडे सामना जिंकला की मुली आपापल्या घरी जायच्या. हरल्या की तू त्यांना थेट आपल्या तिसऱ्या मजल्यावर घेऊन यायचीस आणि मसालेभात करायचीस. साधी खिचडी नाही, लग्नातला असतो तसा, तोंडली, काजू, वर ओलं खोबरं, तूप. शेजारच्या काकू दारातून म्हणाल्या होत्या, "बाई, हरल्यावर कसलं हे कौतुक?" तू झारा न थांबवता म्हणालीस, "जिंकून आल्या की घरचे करतात कौतुक. आज घरी गेल्या तर बोलणी खातील. त्यापेक्षा माझा भात खाऊ देत." मुली धुळीच्या पायांनी जिन्याच्या वरच्या पायऱ्यांवर ओळीत बसायच्या. पहिला घास होईपर्यंत सामन्याचा विषय काढायचा नाही, हा तुझा नियम. दुसऱ्या वाढपाला कुणीतरी म्हणायचं, "बाई, माझी पकड सुटली ना." मग सगळ्या एकदम बोलायला लागायच्या.

तर पुढचा सामना हरल्यावर मी पातेलं काढलं. तोंडली इथे गोठवलेली मिळतात, न्यू लिनच्या आपल्या लोकांच्या दुकानात. ती कमी पडली म्हणून कुमरा घातला, इथलं रताळं. तू नाक मुरडलं असतंस हे मला ठाऊक आहे. गाडीच्या डिकीत पातेलं दोरीने बांधून पेनरोजला नेलं आणि व्हिडिओच्या खोलीबाहेर टेबलावर ठेवलं. कोच बघतच राहिले. ऑस्ट्रेलियन माणूस, तोंडाने फटकळ. म्हणाले, "मेट, हरल्याची पार्टी करतोयस का?" मी म्हटलं, "माझ्या आईच्या संघात हरल्यावर एकत्र जेवायचे. एक सोमवार बघा, नाही पटलं तर पातेलं घरी नेतो." कप्तान पुढे आला. हा आमचा सामोअन कप्तान, दाराच्या चौकटीत मावत नाही असा. त्याने झाकण काढलं, वास घेतला, आणि पहिलं ताट स्वतः न घेता सगळ्यात नवीन खेळाडूच्या हातात दिलं. मग मला म्हणाला, "नियम काय आहेत?" मी सांगितलं, पहिल्या घासापर्यंत मॅचचं बोलायचं नाही. "स्वीट अ‍ॅज," म्हणजे इथलं 'झकास', म्हणाला आणि खाली मांडी घालून बसला.

त्यानंतर हिवाळाभर मी भात करत राहिलो, कारण आम्ही हिवाळाभर हरत राहिलो. पावसात हरलो, कोरड्यात हरलो, एकदा बरोबरी झाली आणि जादा वेळेत हरलो. मध्ये एक आठवडा सुट्टीचा येतो, त्यात न खेळता गुण मिळतात. आम्ही तो आठवडा दणक्यात जिंकलो, असं पोरं म्हणायची. वर्तमानपत्रात काय काय छापून यायचं. डेअरीत दूध आणायला गेलो तर काउंटरवरचा माणूस माझं क्लबचं जाकीट बघून मान हलवायचा, जसं काही मीच पकड सोडली होती. पण सोमवारी खोलीत आता आवाज असायचा. पोरं ताटं घेऊन व्हिडिओ बघायची, आणि आपली चूक दुसऱ्याने दाखवायच्या आधी आपणच दाखवायची. कोचनी पातेलं परत न्यायला सांगितलं नाही. उलट एकदा हळूच विचारून गेले, तिखट जरा कमी करता येईल का.

आणि मग एकदा आम्ही जिंकलो. तेही तक्त्यात वर असलेल्या संघाशी. मला इतका आनंद झाला की मी काही विचार न करता सोमवारी दुप्पट भात करून नेला, वर तळलेले काजू वेगळे. पोरं टेबलाजवळ आली आणि थबकली. कुणी ताटाला हात लावेना. कप्तानाने पातेल्यावर झाकण ठेवलं आणि म्हणाला, "ब्रो, आज नाही. हा हरल्यावरचा आहे. आज आम्हाला घरी जाऊ दे." मला असा राग आला स्वतःचा. तुझा मुलगा मी, तुझ्या जिन्यावर वाढलो, आणि तुझा नियम मला सामोआच्या अपियाहून आलेल्या माणसाने शिकवावा? तो भात मी आणि तुझी नात आठवडाभर खात होतो.

आता शेवटच्या सामन्याचं. जिंकलो असतो तर तळाला गेलो नसतो, इतकं सरळ होतं ते. शिवाय कप्तानाचा तो शेवटचाच सामना, तो निवृत्त होणार होता. त्याच्या नावावर स्टेडियम भरणार होतं, त्याचे आईवडील सामोआहून आले होते. आणि आदल्या आठवड्यात त्याच्या गुडघ्याच्या आतल्या बाजूचा बंध दुखावला होता. डॉक्टर मला म्हणाले, मैदानावर चाचणी तू घे, तू म्हणशील तसं मी लिहितो. गुरुवारी पेनरोजच्या मैदानावर मी त्याला सरळ पळवलं, तो पळाला. मग वळून पळायला सांगितलं. डावीकडे वळताना गुडघा आत गेला. थोडाच, पण मी बघितला, आणि मी बघितला हे त्याने बघितलं.

"पट्टी घट्ट बांध," तो म्हणाला. "इंजेक्शन दे. ऐंशी मिनिटं फक्त. मग आयुष्यभर बसायचंच आहे."

"बसता येईल की नाही, तोच प्रश्न आहे," मी म्हटलं. "मी नाही म्हणतोय."

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जसा मी कुणी परका आहे. "तुला काय माहीत रे हरणं काय असतं? तू बाहेर उभा असतोस." कोच मला बाजूला घेऊन गेले. ओरडले नाहीत, त्याचंच वाईट वाटलं. म्हणाले, पुन्हा एकदा विचार कर, त्याच्याशिवाय आपण तळाला जाणार हे तुलाही माहितीय, पोरांना तो हवाय, आणि निर्णय तुझा आहे म्हणून मी तुझ्यापाशी आलोय. मी म्हटलं, विचार झालाय.

पण विचार तुझाच होता. आंतरशालेय अंतिम सामना, तुझ्या संघातली सगळ्यात चांगली चढाईची मुलगी, आणि मध्यंतरात तिचा घोटा सुजलेला. ती रडत होती, "बाई, खेळू द्या." तिचे वडील दोरीपलीकडून ओरडत होते, मुख्याध्यापिका खुर्ची सोडून उठून आल्या होत्या. तू तिचा पाय मांडीवर घेऊन बसलीस आणि एकच वाक्य बोललीस, "ही माझ्याकडे चालत आलीय, चालतच घरी जाईल." हरलो. मैदानात सगळे तुला बोलले. त्या दिवशीही तू भात केलास. ती मुलगी वर आलीच नाही, खालीच जिन्यात बसून राहिली, आणि तू ताट घेऊन खाली जाऊन तिच्या शेजारी पायरीवर बसलीस. तुझ्या तेराव्याला मी पामर्स्टनहून पोचलो होतो, तेव्हा ती आली होती. दोन मुलांची आई झालेली. तीन मजले न थांबता चढून आली आणि तुझ्या फोटोसमोर उभी राहिली. नमस्कार केला आणि उतरताना धाकट्याला कडेवर घेऊन गेली.

शनिवारी कप्तान सूट घालून बाकावर बसला आणि आम्ही हरलो, अगदी थोडक्यात. शेवटच्या पाच मिनिटांत आमच्याकडे चेंडू होता, गुणांची रेषा समोर होती, आणि त्या जागी नेहमी तोच घुसतो. यावेळी त्याच्या जागी खेळणारं पोरगं घुसलं आणि पडलं. भोंगा वाजला. लोक त्याचं नाव घेऊन टाळ्या वाजवत होते आणि तो समोर बघत बसला होता. मी बॅग उचलून आत गेलो.

आज सकाळी भात घेऊन गेलो तेव्हा पातेलं डिकीतून काढावंसं वाटत नव्हतं, खोटं कशाला बोलू. म्हटलं, कुणी खाल्लं नाही तरी चालेल, नियम म्हणजे नियम. पोरं आली. कप्तान नव्हता. मी वाढायला घेतलं, पहिलं ताट, दुसरं. तेवढ्यात तो आला, चड्डी आणि जँडल्समध्ये, म्हणजे इथल्या रबरी चपलांत, गुडघ्याला पट्टी, लंगडत. सरळ माझ्यापाशी आला आणि माझ्या हातातला झारा काढून घेतला. मला वाटलं, आता काय. पण तो वाढायला लागला. एकेका पोराला नावाने हाक मारून, ताट भरून. कोचनाही वाढलं. सगळ्यांचं झाल्यावर त्याने एक ताट भरलं, मूठभर खोबरं टाकलं आणि माझ्यापुढे धरलं. मी म्हटलं, मी घरी खातो रे. सीझनभर पोरांबरोबर बसून मी खाल्लाच नव्हता तो, माझ्या लक्षात पण नव्हतं. त्याच्या आलं होतं.

"बस, ब्रो," तो म्हणाला. "तूपण हरलायस."

मी बसलो. त्याच्या शेजारी, जमिनीवर. पहिला घास घेतला. मग तो म्हणाला, "गुडघा सकाळी दुखत होता." एवढंच. मी म्हटलं, "दुखणार. बुधवारी ये, व्यायाम सुरू करू." हो म्हणाला आणि परत भात घेतला.

पुढच्या वर्षीचा करार मी दुपारीच सही करून दिला, आई. मी इथेच राहणार आहे, आणि पुन्हा कुणाचा गुडघा असा वळताना दिसला तर पुन्हा नाही म्हणणार आहे, मग तक्त्यात आम्ही कुठेही जाऊ. त्यात आता बदल नाही.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक सांगून टाकतो, जे कोचना आणि कप्तानाला सांगितलेलं नाही. त्या शेवटच्या पाच मिनिटांत, पोरगं पडलं तेव्हा, मला मनापासून वाटलं की त्याला खेळू द्यायला हवं होतं. गुडघा गेला तरी चालेल, असंसुद्धा वाटलं. भोंगा वाजेपर्यंत वाटत होतं. तू त्या मुलीचा पाय मांडीवर घेऊन बसली होतीस तेव्हा तुझे हात थरथरत होते. मी इतकी वर्षं समजत होतो की ते रागाने.