एकच पान, सात दिवस

४ जून
आमदार आज मुलुंडच्या सभेत बोलून गेले — छोट्या दुकानदारांना एका पानाचा एकच अर्ज, आणि सात दिवसांत उत्तर नाही आलं तर परवाना मिळाला असं धरायचं! टाळ्याच टाळ्या. मी नाही वाजवल्या. लोकांचे परवाने काढून देणं हाच माझा धंदा, वीस वर्षं.
अक्षता म्हणाली, "अहो, खरंच झालं तर?"
"आश्वासन आहे गं ते!" — असं बायकोला म्हटलं. तारीख मात्र लिहून ठेवतोय.

११ जून
आमदारांच्या पीएला, सर्वेशला, फोन केला. "मसुदा चाललाय, काका." म्हणजे काही चाललेलं नाही. बरं वाटलं.

१९ जून
मानखुर्दच्या संघमित्राताई आल्या. शाळेचे गणवेश शिवायचं दुकान काढायचंय. गाळा तयार, मशिनी तयार, परवान्यासाठी आठ महिने थांबल्यात.
"साहेब रजेवर आहेत," म्हणालो. खोटं! मोठ्या गिऱ्हाइकांची कामं आधी करत बसलो. ताईंची फाईल माझ्याच बॅगेत आहे, दिलेलीच नाही.

८ जुलै
सर्वेश म्हणतो, विधेयक मांडलं. जेवण गेलं नाही.

१७ जुलै
मंजूर! बोलल्यापासून त्रेचाळीस दिवसांत. वाट लागली आपली.

२ सप्टेंबर
नवा अर्ज आजपासून, मोबाइलवर भरायचा. खरंच एकच पान!
सकाळीच मानखुर्दला गेलो. ताईंसमोर फाईल ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. शिव्या खायची तयारी होती.
ताई शांतपणे म्हणाल्या, "परवाच ऑफिसात विचारून आले. फाईल आलीच नाही म्हणाले. तुम्ही येताय का, तेच बघत होते, नंदूभाऊ."
त्यांनी मोबाइल पुढे केला. "बसा आता. भरा."
वीस मिनिटांत भरून झाला. चहा न पिता उठत होतो, तर बसवून पाजला.

१० सप्टेंबर
सात दिवस झाले, ऑफिसकडून उत्तर नाही. म्हणजे परवाना मिळाला! ताईंनी शटर वर केलं, फोनवर मशिनीचा आवाज ऐकवला.
आता कुणालाही 'साहेब रजेवर' सांगायला नको. धंदा बुडाला माझा — आणि मला हायसं वाटतंय! वेडाच आहे मी.

१२ सप्टेंबर
अक्षतानं परस्पर अर्ज भरलाय. भाजणी आणि घावनाचं पीठ विकायचं दुकान. मदतनीस म्हणून माझं नाव.
मला विचारलंसुद्धा नाही!