मलाका म्हणजे दोस्त

रविवार, ३ मार्च
कतार, लुसैल साइट. आज पुन्हा तेच. स्टाव्रोस, आमचा ग्रीक प्रोजेक्ट मॅनेजर. कामाचं वेळापत्रक माझ्यापुढे आपटून म्हणाला, "हे काय आहे, मलाका?" सगळे हसले. मीही. मलाका म्हणजे दोस्त, असं त्यानंच पहिल्या दिवशी सांगितलेलं. घरी मी कौतुकानं सांगितलं होतं.

सोमवार, ४
जेवताना इराने फोनवर शब्द शोधला. तेरा वर्षांची पोर. "बाबा, इट्स नॉट फ्रेंड." फोन माझ्याकडे सरकवला. तिच्यासमोर वाचलं. बायको विचारत राहिली, काय आहे, काय आहे. मी फोन पालथा ठेवला.

बुधवार, ६
सर्व्हेतल्या एलेनीला गाठलं. अथेन्सची, सरळ बाई. आधी ओशाळली. मूळ शब्द 'मलाकोस', म्हणजे मऊ. त्यावरून नेभळट. मग स्वतःच्या हाताने सुख घेणारा, त्यापायी डोकं मऊ झालेला. म्हणून मूर्ख. आणि जिवलगांत नुसतं 'अरे'. तिचा भाऊ तिला दिवसभर म्हणतो. आपल्या 'साल्या'सारखं. मेव्हणा, शिवी, जिगरी, तिन्ही.
"मग मी यातला कुठला?"
"त्याला उलट म्हणून बघ. कळेल."

गुरुवार, ७
म्हटलं. भर मीटिंगमध्ये.
तो: "मलाका, तुझ्यामुळे स्टेडियमचा रस्ता अडलाय."
मी: "ड्रॉइंग तीन आठवडे तू दाबून ठेवलंस, मलाका."
कुणी हसलं नाही. एलेनी वहीत बघत होती. स्टाव्रोस लालबुंद. "आउट."
बरं वाटलं. जिना उतरेपर्यंत.

रविवार, १०
एचआरची नोटीस. वरिष्ठांना शिवीगाळ. बायको म्हणते, माफी मागून टाका, इराचं शाळेचं वर्ष अर्ध्यावर आहे. दुसरी कंपनी धरायची तर इथे आधीच्या कंपनीची एनओसी हवी, आणि त्यावर सही स्टाव्रोसचीच. एलेनीला विचारलं, साक्ष देशील? "बघते." नजर दुसरीकडे.

सोमवार, ११
एचआरचा माणूस मंगळूरचा. आवाज खाली आणून हिंदीत म्हणाला, "स्टाव्रोससाहेब म्हणतात, ते तुम्हाला प्रेमाने तसं म्हणायचे. तुम्हीही प्रेमानेच म्हणालात, असं लिहा. खलास."
लिहिलं तर सुटतो. पण मग त्याचंही प्रेमच ठरतं, आणि उद्यापासून पुन्हा...
दुपारचे पावणेएक. दोनला कागद द्यायचाय. वर फक्त माझं नाव लिहून झालंय.